अनुभव कुठल्या खात्यात जमा करायचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटनाला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फारसं बदललेलं नाही.)

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, ए विंगपासून डी विंगपर्यंतचे सगळे शेजारी, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं वाचत बसलेली आमची तरुण मंडळी, सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा.

सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’. पण टँकरच्या आठवणी, लिफ्टमध्ये अडकल्याच्या आठवणी आणि कन्व्हेयन्सच्या फायलीमागे घातलेल्या हेलपाट्यांच्या आठवणी माझ्यानंतर बोलणारे माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी जरा वेगळं बोलणार आहे. आपल्यातल्या ज्या मुलामुलींना नाटकात काही करायचं असतं, मग ते स्टेजवर असो की स्टेजमागे, त्यांना पहिलं काम कोण देतं, ते काम शिकवतं कोण, आणि त्या कामाचं त्यांच्या पदरात काय पडतं, एवढाच माझा विषय. तो आजच का काढला याला एक कारण आहे, आणि आणखी एक आहे. दुसरं सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागेल, म्हणून ते मागाहून.

पहिलं कारण तुम्हाला माहीत आहे. गेल्या जूनमध्ये आपल्याकडच्या चार आणि बाहेरच्या पाच मुलांनी या हॉलसाठी अर्ज केला होता. पुरुषोत्तम करंडकाची तालीम करायची होती, रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ, सहा आठवडे. कमिटीनं ठरलेलं भाडं सांगितलं, संध्याकाळचे पाचशे रुपये. दर अवाजवी नव्हता. बारशाला, साखरपुड्याला आपण यापेक्षा जास्त घेतो. पोरांनी मोबाइलवर हिशेब केला. बेचाळीस संध्याकाळी, एकवीस हजार रुपये. थँक यू म्हणाली आणि गेली. तालमी शेवटी कुणाच्यातरी काकांच्या गोडाऊनमध्ये पोती बाजूला सारून झाल्या. मग सप्टेंबरच्या वार्षिक सभेत या हॉलची जिम करावी असा विषय आला. तो पुढं ढकललाय, मिटलेला नाही.

आता थोडं मागं जातो.

मी 1973 साली बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागलो. राष्ट्रीयीकरणाला चार वर्षं झाली होती, नव्या शाखा निघत होत्या, भरती जोरात होती. आणि बँकांमधून नाटकाचं वेडही जोरात होतं. संध्याकाळी कॅश जुळली की टेबलं भिंतीला लावायची, टोकनांचा डबा कपाटात टाकायचा, की झाली तालमीची जागा. आमच्या शाखेचे हेडकॅशियर नाटक बसवायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कॉलेजच्या गॅदरिंगला मला अभिनयाचं बक्षीस मिळालेलं होतं, त्यामुळे हिरोचं काम आपल्यालाच मिळणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. नाटकाचं वाचन झालं, कामं वाटून झाली, माझं नाव आलंच नाही. मी विचारलं, ‘‘अण्णा, मी काय करू?’’ ते म्हणाले, ‘‘तू या वर्षी खुर्च्या.’’

खुर्च्या म्हणजे काय, तर दोन प्रवेशांच्या मध्ये काळोख व्हायचा, त्यात चार खुर्च्या, एक टीपॉय आणि एक देवाची तसबीर हलवायची. बारा सेकंदांत. अण्णा विंगेत मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे राहायचे. पहिल्या दिवशी मला अठ्ठावीस सेकंद लागले, वर टीपॉय नडगीवर आपटलं ते वेगळंच. अण्णांनी मला जमिनीवर खडूनं खुणा करायला लावल्या, प्रत्येक खुर्चीच्या मागच्या दोन पायांच्या. पुढच्या पायांच्या नाही, त्या प्रेक्षकांना दिसतात. म्हणाले, ‘‘काळोखात पळायचं नाही. पावलं मोजायची. नोटा मोजताना घाई करतोस का? मग?’’ रंगीत तालमीपर्यंत मी अकरा सेकंदांवर आलो होतो.

आणि ऐन प्रयोगात एक खुर्ची मी उलट्या तोंडानं ठेवली. त्या बाई प्रवेश करून बसायला गेल्या. त्यांनी शांतपणे, जणू वाक्यातच आहे असं, ती खुर्ची फिरवून घेतली आणि बोलायला लागल्या. प्रेक्षकांत कुणाला काही कळलं नाही. अण्णा दोन दिवस मला एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काउंटरवर त्यांनी शंभराच्या नोटांचं बंडल माझ्यापुढे टाकलं. ‘‘मोज.’’ मी मोजलं, शंभर भरल्या. ‘‘बरोबर. त्यात एक उलटी लागलीये, ती दिसली का?’’ मला दिसली नव्हती. एवढंच. पुन्हा त्यांनी त्या खुर्चीचा विषय काढला नाही.

दुसऱ्या वर्षी मला प्रॉम्प्टिंगला बसवलं. हे काम आता फारसं राहिलेलं नाही, पण नाटक शिकायचं असेल तर त्यासारखी जागा नाही. नट थांबला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे पापणी लवायच्या आत ओळखावं लागतं. मुद्दाम घेतलेल्या पॉजमध्ये आपण वाक्य फेकलं तर त्या नटाचा सगळा प्रवेश आपण मारला. आणि विसरलेल्याला सगळं वाक्य नाही द्यायचं, पहिले दोन शब्द द्यायचे, तेही त्यानं श्वास घेताना. चाळीसेक तालमी मी त्या विंगेत बसून ऐकल्या. एकच वाक्य एकच माणूस चाळीस वेळा कसं वेगळं बोलतो आणि त्यातलं कुठलं खरं लागतं, हे कान देऊन ऐकलं. तिसऱ्या वर्षी मला पोस्टमनचं काम मिळालं, दोन वाक्यांचं. त्या दोन वाक्यांसाठी मी जितका तयार होतो तितका पुढं प्रमोशनच्या इंटरव्ह्यूलासुद्धा नव्हतो.

हे मी पूर्वी खूप वेळा सांगितलेलं आहे, घरात तर फारच. ‘आमच्या वेळी आम्ही तीन वर्षं खुर्च्या उचलल्या’ असं मी नव्या मुलांना ऐकवायचो. पण त्यातली एक गोष्ट बरीच वर्षं माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्या तिन्ही वर्षांत महिनाअखेरीला माझा पगार होत होता. मी उचलल्या त्या खुर्च्या भरल्या पोटी.

त्या काळातलं पुण्यातलं बरंचसं नाटक असंच उभं राहिलेलं आहे. प्राध्यापक भालबा केळकरांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पीडीएत, किती जणांना हाताशी धरलं. श्रीराम लागू तिथले. पुढची जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळीही तिथलीच. लागू कानानाकघशाचे सर्जन, पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं नाटक, जब्बारांचं दिग्दर्शन, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. विचार करा, त्या ब्राह्मणांच्या भिंतीत उभ्या राहिलेल्या पोरांना एकाच तालमीत किती जणांच्या हाताखाली शिकायला मिळालं असेल! पण संध्याकाळी तालमीला येणाऱ्या बहुतेकांची सकाळची सोय कुठंतरी झालेली होती. दवाखाना, कॉलेज, बँक, नाहीतर घरचे वडील.

ज्यांची तशी सोय नव्हती त्यांचं कसं? निळू फुले माळीकाम करत होते. त्यांना आणि राम नगरकरांना कलेची पहिली शिस्त लागली ती सेवादलाच्या कलापथकात. गावोगाव जायचं, सतरंज्या अंथरायच्या, आणि समोरच्या माणसाला हसवायचं. तिथं शिकवणारे होते, बरोबरचे होते, आणि रोज उभं राहायला जागा होती.

त्याच्याही मागं जा. संगीत नाटकाच्या काळातल्या कंपन्या घ्या. केशवराव भोसले अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले, आणि 1908 साली त्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली. तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती! कंपनीत आलेलं पोर कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचं, कंपनीच्या पंगतीला जेवायचं, सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकलांचं पाठांतर. त्या काळाची मी आरती ओवाळत नाही. मार बसायचा, शाळा सुटायची, आईवडील दूर राहायचे. पण एक गोष्ट होती. नवीन पोराला शिकवणं हा कंपनीच्या खर्चातला भाग होता. भाताच्या खर्चात त्याचाही भात धरलेला असायचा.

(इथं कुणीतरी म्हणालं, ‘‘आता कोर्स निघालेत की!’’ निघालेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे आणि त्याच्या नावापुढे कंसात ‘गुरुकुल’ असं लिहिलेलं आहे. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. चांगल्याच गोष्टी. पण तिथं जागा मोजक्या, आणि तिथं जावं की नाही हे कळण्यासाठीसुद्धा आधी कुठंतरी खुर्च्या उचललेल्या असाव्या लागतात.)

आता आजचं पोर. त्याला पहिली संधी मिळते ती बहुधा एकांकिका स्पर्धेत. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था भरवते, आणि लेखन-दिग्दर्शनापासून सगळी धडपड विद्यार्थ्यांची असते. ऑगस्टमध्ये भरत नाट्यच्या बाहेर ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्या ऐकल्या की माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या अंगावरही काटा येतो. या स्पर्धेनं महाराष्ट्राला किती नट, दिग्दर्शक दिले याची मोजदाद नाही. 2022 साली परीक्षकांनी अंतिम फेरीतल्या एकाही संघाला करंडक दिला नाही. त्यावर खूप वाद झाला. कुणी म्हणालं बरोबर केलं, दर्जा राखलाच पाहिजे. कुणी म्हणालं पोरांची हिंमत खचते. मला दोन्ही बाजू पटतात, पण माझं दुखणं निराळं आहे. करंडक दिला काय, न दिला काय, सप्टेंबरनंतर त्या मुलांचं पुढं काय? ज्या पोरीनं दोन महिने संगीताचं ऑपरेटिंग केलं, तिला ऑक्टोबरमध्ये कोण विचारतं? व्यावसायिक नाटकात शिरायचं तर तिथं ‘नाईट’वर हिशेब, जितके प्रयोग तितके पैसे, प्रयोग नाही तर काही नाही. आणि तिथवर पोहोचेपर्यंत जो तो तिला एकच वाक्य सांगतो: ‘पैसे नाहीत ग, पण अनुभव मिळेल.’

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. मला हे वाक्य ऐकलं की विचारावंसं वाटतं, अनुभव कुठल्या खात्यात जमा करायचा? आम्हाला बँकेत घेतलं तेव्हा सहा महिने प्रोबेशन होतं. पहिले पंधरा दिवस तर मी लेजरमध्ये नुसत्या चुकाच केल्या, पण पगार पहिल्या महिन्यापासून. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या देशात 1961 चा कायदा आहे, त्याला विद्यावेतन द्यावं लागतं. फिटरच्या हाताखालच्या पोराला जे मिळतं ते नाटकातल्या पोराला का नको?

पालकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षी आपल्याकडे एका घरात हे घडलंय. एका जाहिरातीवरून मुलगी ऑडिशनला गेली. निवड झाली म्हणाले. मग नोंदणीचे पैसे, मग फोटोंचे पैसे, मग ‘सीरियलसाठी वर्कशॉप’चे पैसे. रक्कम सांगत नाही, आईनं मोडलेल्या एफडीएवढी होती. नंतर फोन लागेना. नाटक-सिनेमातलं मला सगळं कळत नाही, पण एवढं कळतं, की काम देणारा माणूस पैसे देतो. जो काम द्यायच्या आधी पैसे मागतो तो काम देत नाहीये, काहीतरी विकतोय. शिकवणीची फी घ्यावी, जरूर घ्यावी, पण ती शिकवणी आहे असं सांगून. निवड झाली असं सांगून नव्हे. आणि पावती घ्या हो! निदान एवढं तरी या रिटायर्ड माणसाचं ऐका.

आता ते दुसरं कारण.

2011, 2012 आणि 2013, अशी तीन वर्षं आपल्या गणेशोत्सवात एकांकिका झाली, आठवतंय? मी तेव्हा सांस्कृतिक समितीचा खजिनदार होतो आणि नाटकाची हौस म्हणून बसवायचोही मीच. लोक मला अजून म्हणतात, काका, तेव्हाची मजा गेली. त्या तिन्ही वर्षी प्रकाशयोजना आणि आवाजाचं सगळं काम सी विंगमधला एक मुलगा करायचा. पहिल्या वर्षी तो बारावीला होता. नाव मुद्दामच घेत नाही, त्याची परवानगी मी मागितलेली नाही. त्यानं घरात वापरायचे दिव्यांचे डिमर आणून एका लाकडी फळीवर बसवले होते, चार, आणि त्या चार बटणांवर तो संध्याकाळ करायचा, पहाट करायचा. तिसऱ्या वर्षी तर त्यानं चितेचा उजेड केला होता, नुसता एक पिवळा, एक लाल, आणि बोटांची थरथर. समोरच्या बायका रडल्या. मी बाहेर येऊन नमस्कार घेतले.

तीन वर्षांपूर्वी जुन्या फायली रद्दीत काढताना त्या उत्सवांचे जमाखर्च हाती लागले. सगळे माझ्या अक्षरात. मंडपवाला, व्हाउचर आहे. स्पीकरवाला, व्हाउचर आहे. रंगभूषा करणारे गृहस्थ बाहेरून यायचे, त्यांचं मानधन आणि रिक्षाभाडं, व्हाउचर आहे. कपडेपट भाड्यानं आणलेला, पावती आहे. पेढे, हार, गुरुजींची दक्षिणा, सगळं आहे. त्या मुलाच्या नावावर तीन वर्षांत काय? तीन श्रीफळं. नारळ घाऊक आणले होते, त्यातलेच. आणि 2013 च्या अहवालात वर्गणीदारांची दोन पानं नावं छापली होती, कलाकारांची छापली होती, ‘दिग्दर्शन’ म्हणून माझं ठळक छापलं होतं. त्याचं नव्हतंच. मुद्दाम नाही वगळलं. सुचलंच नाही. त्या वर्षी प्रसादाच्या रांगेत त्याची आई मला म्हणाली होती, ‘‘काका, नाव तरी टाकायचं होतंत.’’ मी हसून म्हणालो, ‘‘अहो, घरचाच मुलगा आहे.’’

पुढच्या वर्षी तो आला नाही. परीक्षा आहे म्हणाला. दुसऱ्या कुणाला ते चार डिमर चालवता येत नव्हते, कारण त्याच्या हाताखाली आम्ही कुणाला दिलंच नव्हतं. मग त्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणला, त्याला रोख पैसे मोजले, आणि एकांकिका बंद पडली ती पडलीच. आपण सगळे म्हणतो की टीव्हीमुळे, मोबाइलमुळे बंद पडली. हिशेबाची वही तसं म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात मी आणि ही नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात वडा खात उभे होतो तर एक दाढीवाला तरुण येऊन पाया पडला. तोच. चाकणला इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कारखान्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार प्रकाशयोजनेची कामं घेतो. त्या दिवशीच्या नाटकाचं ऑपरेटिंग तोच करत होता. मी म्हणालो, ‘‘अरे, आपल्या गणपतीतला अनुभव कामी आला म्हणायचं.’’ तो म्हणाला, ‘‘हो काका, आला ना.’’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

नाटक सुटल्यावर मी त्याच्यासाठी थांबलो. विचारलं, मग शिकलास कुणाकडे? त्यानं सांगितलं, एक वयस्कर प्रकाशयोजनाकार आहेत, त्यांच्या मागं लागून लागून गेला. सहा महिने नुसत्या केबली गुंडाळल्या. केबल कोपरावर गुंडाळायची नाही, वेटोळं कसं सोडायचं, गरम दिव्याला फडकं न घेता हात लावायचा नाही, शिडीवर चढलेल्या माणसाच्या खाली उभं राहायचं नाही, हे आधी. मग क्यूशीट लिहायला शिकवलं. पण पहिल्याच रात्री त्यांनी त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले होते. हा म्हणाला, सर, मला तर अजून काही येत नाही. ते म्हणाले, ‘‘हे तुझ्या कामाचे नाहीतच, काम तुला येत नाही. हे तुझ्या वेळेचे.’’

अण्णांनीही मला शिकवलं आणि मीही या पोराला काहीतरी शिकवतच होतो असं मी समजत होतो. खरं सांगायचं तर मी त्याला काहीच शिकवलं नाही. तो आपला आपण शिकत होता आणि मी त्याचं आयतं वापरत होतो.

घरी येऊन मी त्याला फोन केला. म्हटलं, त्या डिमरांचे, केबलचे, रंगीत जिलेटिनचे पैसे तेव्हा तूच घातले होतेस ना? तो नाही-नाही म्हणत राहिला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, तीन वर्षांचे मिळून अठराशे चाळीस. आकडा पाठ होता त्याला. तेव्हा का मागितले नाहीस? तर म्हणे, तुम्ही प्रत्येक गोष्टीला पावती मागायचात, आणि जुन्या बाजारातला माणूस पावती देत नव्हता.

ते पैसे मी माझ्या खिशातून दिले, सोसायटीच्या नव्हे, तेव्हा ऑडिटरांनी काळजी करू नये. त्यानं घेतले. मोजून घेतले. मला ते आवडलं.

आता या हॉलबद्दल. जिमला माझा विरोध नाही, गुडघे माझेही दुखतात. पण आपल्याकडे चारशे मीटरवर एक जिम आहे, दुसरी निघतेय. दोन-अडीच तास दार लावून घेऊन मोठ्यानं बोलता येईल, रडता येईल, जमिनीवर खडूच्या खुणा करता येतील, अशी जागा या सगळ्या भागात दुसरी मला माहीत नाही. मुंबईला दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल सत्तरच्या दशकात ‘आविष्कार’ला मिळाला. साधा शाळेचा हॉल, धड स्टेजही नाही. पण तिथं नव्या लोकांनी इतकं नाटक केलं की ‘छबिलदास’ म्हणजे प्रायोगिक नाटक अशी ओळख झाली. पुढं त्यांना माहीमला महापालिकेच्या शाळेत जावं लागलं, तरी लोक छबिलदासचंच नाव घेत राहिले. आपला हॉल काही छबिलदास होणार नाही, हे मला कळतं. नऊ पोरांना गोडाऊनमध्ये जावं लागू नये एवढा तरी होईल.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार रास्त आहे. घरात आजारी माणूस आहे आणि खाली कुणीतरी दहा वेळा ‘खून! खून!’ म्हणून ओरडतंय, हे सोसायचं कसं? तालीम नऊला संपेल, साडेनऊला नाही, आणि ओरडण्याचे प्रवेश रविवारी सकाळी. हे मी त्यांच्याशी बोलून आलोय. त्या म्हणाल्या, नाटक बघायला बोलवणार असाल तर चालेल.

भाडं आठवड्यातले तीन दिवस माफ, विजेचं बिल मीटरप्रमाणे मुलांनी भरायचं. फुकट देऊ नका, नाहीतर त्यांनाही फुकटची सवय लागते. आणि शिकवायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. बी विंगमध्ये चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाई आहेत, आवाज कुठून काढायचा हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? डी विंगमध्ये वीज मंडळातून निवृत्त झालेले आमचे मित्र आहेत. त्यांनी दोन रविवार या पोरांना वायरिंग आणि अर्थिंग समजावून सांगितलं तर माझी झोप सुधारेल. सुतारकाम येणारे एक आहेत, तुम्हाला माहीत आहेत कोण, लाजून खाली बघतायत. नुसतं बघायला येऊन बसू नका मात्र. दोन डोळे जवळ असणं आणि चार सूचना डोक्यावर असणं यात फरक आहे. अण्णा तीन वर्षांत मला एकूण किती वाक्यं बोलले असतील? पन्नास नाही.

डिसेंबरमध्ये आपला मुख्य कार्यक्रम आहे. त्यात एकांकिका व्हावी असं समितीत ठरलंय. प्रकाशयोजनेसाठी मी त्या मुलाला कोटेशन मागितलं होतं, ते आलंय, या खिशात आहे. अठरा हजार पाचशे, सामानासकट. पुढच्या सभेत ते येईल तेव्हा कृपा करून कुणी ‘घरचाच मुलगा आहे, काही कमी करा’ असं म्हणू नये. ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागं घेतलेलं आहे. त्या कोटेशनच्या खाली त्यानं एक ओळ हातानं लिहिलीये: ‘शिकाऊ मदतनीस दोन, सोसायटीतलेच, प्रत्येकी रोज दोनशे, तालमीच्या दिवसांसकट.’ आणि तिच्यापुढे कंसात, ‘नावं कार्यक्रमपत्रिकेत छापणे.’

तर नावं मला मागच्या रांगेतून हवी आहेत. अभिनयाची नव्हे, ती मागाहून. आधी केबल गुंडाळायची. जेवणं सुरू झाली की मी दाराशी वही घेऊन बसतोय. पेन मीच आणलंय.